सातव्या कॉपीची सही

३ मार्च, मंगळवार

नवी वही. जुनी संपायच्या आधीच तिचं बाइंडिंग सुटलं. मी कागदावर जगणारी बाई, माझ्याच वहीची पानं गळावीत म्हणजे दिव्याखाली अंधारच.

सकाळपासून एकच काम केलं, वाफेच्या यंत्राच्या एसओपीच्या, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीच्या, जुन्या कॉप्या गोळा करणं. बाहेर कुणाला सांगितलं तर हसतात. आमच्याकडे इंजेक्शनच्या बाटल्या भरतात आणि वाफेच्या यंत्रात तापवून निर्जंतुक करतात. किती मिनिटं तापवायचं हे ज्या कागदावर लिहिलंय तो कागद माझ्या ताब्यात. आवृत्ती चारमध्ये वीस मिनिटं होती, पाचमध्ये तीस झाली. प्रत्येक यंत्रापाशी नवी कॉपी लावायची, जुनी काढून आणायची, तिच्यावर 'रद्द' शिक्का मारून फाडायची आणि मग रजिस्टरमध्ये सही करायची. जुनी हातात आल्याशिवाय सही नाही. अकरा वर्षं हेच करतेय. कामगार मला कागदबाई म्हणतात, तेही तोंडावर.

सात कॉप्या होत्या. सहा मिळाल्या. सातवी दोन नंबरच्या यंत्राच्या खोलीत. ती खोली दुरुस्तीसाठी बंद, किल्ली मेकॅनिककडे, मेकॅनिकचा पत्ता नाही. घोडं तिथे पेंड खात बसलं. आमच्या गुणवत्ता विभागाच्या साहेबांना मी मनातल्या मनात मुदतसाहेब म्हणते. ते तीनदा येऊन गेले. म्हणाले, "अहो, खोलीच बंद आहे, भिंत वाचणार आहे का ती? उद्या सकाळी आणा. आज हा बदल पुरा होऊन त्याची फाइल बंद झालीच पाहिजे, वरून फोनवर फोन येतायत."

सातव्या ओळीत सही केली. वेळ तीन दहा. नवी सातवी कॉपी ड्रॉवरमध्ये ठेवलीय. उद्याचं पहिलं काम.

हे लिहिताना पावणेचार झालेत. ताईचे दोन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. आई दवाखान्यात आहे, पण सकाळी नीट होती, डॉक्टर म्हणाले परवा घरी सोडू. उशी नाहीतर चष्मा, असलंच काही असेल. पाचला निघाल्यावर करते.

१८ मार्च, बुधवार

आई त्याच दिवशी गेली. साडेपाच वाजता. मी पावणेसहाला पोचले.

आज कामावर आले. सगळे माझ्याकडे बघून आवाज खाली करतात, जणू मीच गेलेय. कॅन्टीनवाल्याने चहाचा कप दोन्ही हातांनी दिला. मला काही होत नाहीये. रडूही आलेलं नाही, दवाखान्यात नाही आणि नंतरही नाही. आतेबहीण ताईला म्हणाली, "हिला रडवा गं कुणीतरी." मी तिथेच होते.

टेबलावर पंधरा दिवसांचा ढीग. बरं वाटलं. खरं तर बरं नाही वाटलं, काहीच वाटलं नाही, पण हात चालू झाले.

१९ मार्च, गुरुवार

पंचेचाळीस कागद निकालात काढले. साहेबांनी बोलावून विचारलं, "वाफेच्या यंत्राचा तो बदल बंद आहे ना सगळा?" रजिस्टर उघडून दाखवलं. सात ओळी, सात सह्या, अक्षर मोत्यासारखं. ते म्हणाले, "तुमचं काम म्हणजे बघायला नको." मग जरा वेळ उभेच राहिले. काहीतरी विचारायचं होतं बहुतेक. सांत्वन करणं पुष्कळांना जमत नाही.

२४ मार्च, मंगळवार

गडबड. शुक्रवारी दोन नंबरचं यंत्र दुरुस्त होऊन सुरू झालं. पहिली बॅच मामांनी काढली. मामा म्हणजे त्या यंत्रावरचे सगळ्यांत जुने कामगार. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणतो, कारखान्याच्या प्रमुख, मोठ्या मॅडमसुद्धा. आज त्या बॅचचा तक्ता तपासताना कळलं, बाटल्या वीसच मिनिटं तापल्या. तीस मिनिटं हवी होती. माल गोदामातच अडवलाय, एक बाटली बाहेर गेलेली नाही. पण अख्खी बॅच नष्ट होणार आणि चौकशी लागणार.

मामा म्हणतात भिंतीवरच्या कागदावर वीस लिहिलं होतं. कागद आता भिंतीवर नाही. सुपरवायझर म्हणतो, त्याने कुठलाही कागद पाहिला नाही.

मी रजिस्टर बघितलं. सातवी जुनी कॉपी तीन मार्चला परत आलेली, नष्ट झालेली. माझी सही आहे. म्हणजे मामांची काहीतरी चूक होतेय. वय झालं की होतं असं.

२६ मार्च, गुरुवार

साहेब हल्ली फार मायेने वागतात. आज स्वतःहून म्हणाले, "तुम्ही चौकशीत पडू नका, तुमच्यावर आधीच डोंगर कोसळलाय. रजिस्टरची झेरॉक्स मी देतो समितीला." मी म्हटलं, मूळ रजिस्टर दाखवायला हवं, नियम आहे. "नियम माझ्यावर सोडा." पुढच्या महिन्यात हवी तेवढी रजा घ्या म्हणाले. अकरा वर्षांत या माणसाने मला अर्धा दिवस सुखाने दिला नव्हता. माणसं वरून दिसतात तशी नसतात.

२७ मार्च, शुक्रवार

मामांना कामावरून काढायचं घाटतंय. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. साहेबांच्या टिपणात दोन मुद्दे आहेत. एक, मामांनी नव्या आवृत्तीच्या प्रशिक्षणाच्या यादीवर 'वाचले, समजले' म्हणून सही केलेली आहे. दोन, चुकीच्या कागदाची गोष्ट ते आता रचून सांगतायत. पहिल्याने ताकीद मिळाली असती. दुसरा म्हणजे खोटारडेपणा, त्यावर नोकरी जाते.

ती यादी माझ्याच फायलीत आहे. दोन मार्चची, कॅन्टीनबाहेर टेबल टाकून घेतलेली. चाळीस सह्या अकरा मिनिटांत. तेव्हाही मनात आलं होतं, न वाचता सही कशी करतात ही माणसं. मला तर हात उचलवणार नाही.

दुपारी मामा माझ्या खिडकीशी आले. टोपी हातात.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. तो कागद तुम्ही नेला होता का हो?"

"रजिस्टरमध्ये नेल्याची नोंद आहे, मामा."

"नोंद असेल. तुम्ही नेला का, ते विचारतोय."

"मामा, माझी सही आहे त्यावर."

त्यांनी टोपीची घडी घातली. मग म्हणाले, "सही तर माझीपण आहे, बाई, त्या यादीवर. पाच पानं होती आणि मागे रांग होती. मी नाही वाचलं. ते माझं चुकलं, मी कुठेही सांगीन. पण खोटं नाही बोललो मी. भिंतीवर वीस होतं."

मी म्हटलं, बघते. काय बघणार होते कोण जाणे. बोलायला काहीतरी हवं म्हणून बोलले.

२९ मार्च, रविवार

ताईकडे गेले. आईचं कपाट आवरलं. मी यादी केली, अनुक्रमांक घातले. साड्या एकतीस, चष्मे तीन, त्यातले दोन मोडके. ताई म्हणाली, "अगं, कपाट आहे ते, कचेरी नाही." हसली आणि हसताहसता डोळे पुसले. मी सत्तावीस नंबरच्या साडीची घडी घालत राहिले. जांभळी, काठ विरलेला.

शेजारच्या काकू आल्या होत्या. मला विचारलं, "तुला वेळेवर कळलंच नाही ना गं?" मी म्हटलं, "नाही ना, फोन आला तोच पाचला." सगळ्यांना हेच सांगते. ताई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती खालची पिशवी दे इकडे."

हल्ली ती बोलताबोलता मधेच थांबते. थकलीय. दवाखान्यात सगळे दिवस तीच होती.

जेवताना मी मामांची गोष्ट सांगितली. ताईचे यजमान म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी. कुठल्याही कारखान्यात जा, हेच." मी म्हटलं, चोर कुणीच नाही, रजिस्टर स्वच्छ आहे. ताईने विचारलं, "कुठल्या तारखेची नोंद आहे ती?"

"तीन मार्च."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्या दिवशीचं तुला सगळं आठवतं?"

"तारखेनिशी लिहिलेलं असतं आमच्याकडे. आठवायची गरज पडत नाही."

३० मार्च, सोमवार

साहेबांनी चौकशीसाठी माझा जबाब टाइप करून आणला. 'सातवी कॉपी मी स्वतः परत घेऊन नष्ट केली.' सही करा म्हणाले. मी पेन उघडलं. आणि मला तो कागदच दिसेना. बाकीच्या सहा दिसतात. एक नंबरच्या यंत्राच्या कॉपीवर तेलाचं बोट होतं, चार नंबरची कोपऱ्यात फाटलेली, सहा नंबरला दोन टाचण्या. सातवी कशी होती? भिंतीवरून काढली की कुणी हातात दिली? काहीच नाही.

म्हटलं, उद्या करते. साहेब म्हणाले, "अहो, एका सहीला काय जातं?"

३१ मार्च, मंगळवार

ड्रॉवरमध्ये शिक्क्याची शाई शोधत होते. तळाशी नवी सातवी कॉपी सापडली. आवृत्ती पाच, तीस मिनिटं, लाल शिक्का, कोरी करकरीत. चार आठवडे तिथेच पडून होती. म्हणजे दोन नंबरच्या खोलीत ती कधी गेलीच नाही. तिच्या जागी जुनीच होती.

घरी येऊन ही वही मागे चाळली. तीन मार्च. सगळं लिहिलेलं आहे, माझ्या अक्षरात. खोली बंद, किल्ली नाही, साहेब तीनदा आले, सही केली, उद्याचं पहिलं काम. त्या 'उद्या'ला मी दवाखान्याच्या कागदांवर सह्या करत होते.

मामांना खोटं ठरवणारा एकमेव पुरावा म्हणजे माझी सही आणि ती खोटी. हे लिहिताना हात थरथरायला हवा होता. थरथरत नाहीये. रेघा सरळ येतायत. माझं काय झालंय, मला कळत नाही.

वाचता वाचता पुढचा परिच्छेदही वाचला, फोनचा. वही मिटली.

१ एप्रिल, बुधवार

आमच्याकडे चूक खोडत नाहीत. त्यावर एक सरळ रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, आजची तारीख घालायची, सही करायची आणि कारण द्यायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

सातव्या ओळीवर रेघ ओढली. 'परत मिळालेली नाही. नवी कॉपी दिलेली नाही.' सही, १ एप्रिल. कारणाचा रकाना उरला. पाच बोटं रुंद असेल नसेल. अर्धा तास बसले. तिथे त्या दिवसाबद्दल लिहावं लागणार होतं. रकाना कोरा ठेवून साहेबांकडे गेले.

त्यांनी आधी दार लावलं. "काय करून बसलात? हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ होती ना?"

"मामांची नोकरी जातेय, साहेब."

"आणि तुमची? अकरा वर्षांच्या तुमच्या सगळ्या सह्या उकरतील. तपासायला येतील ते विचारतील, ही एक खोटी तर बाकीच्या कशावरून खऱ्या?"

हे बरोबर होतं. मी मान डोलावली. ते म्हणाले, कारण लिहू नका, मी विचार करतो. मी बाहेर पडताना म्हणाले, "मी फक्त उद्या आणा म्हणालो होतो, सही करा म्हणालो नव्हतो. लक्षात ठेवा." मी आठवून पाहिलं. शब्दशः तसंच आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी तोडगा काढला. खुश होते, सुंठीवाचून खोकला गेल्यासारखे. कारणाच्या रकान्यासाठी मजकूर आणला. 'कर्मचाऱ्याच्या आईच्या निधनामुळे मनःस्थिती ठीक नसताना झालेली अपवादात्मक चूक.'

"कोण काय बोलणार यावर? माणुसकी आहे की नाही? तुमची जागा राहते, सिस्टीमला धक्का नाही. सोमवारी समितीसमोर एवढं मान्य करा."

"आणि मामा?"

"त्यांच्यावरचा खोटेपणाचा ठपका गेला. पण आपली सिस्टीम चोख, चूक अपवादात्मक, मग यंत्र चालवण्याआधी त्यांनी आवृत्तीचा नंबर बघायला नको होता? प्रशिक्षणाची सही आहे. राजीनामा घेतील, सन्मानाने."

"म्हणजे जातातच."

"कुणाला तरी जावंच लागतं, बाई."

मजकूर घरी आणलाय. तीनदा वाचला. भाषा चांगली आहे, व्याकरणाची चूक नाही. आई असती तर म्हणाली असती, माझ्या मेलीच्या नावावर कशाला? तिला असंच बोलायची सवय होती. वाईट वाटलं म्हणून लिहीत नाही, आठवलं म्हणून लिहिते.

६ एप्रिल, सोमवार

समिती अकराला बसली. मोठ्या मॅडम, साहेब, सुपरवायझर, मी. दाराजवळच्या खुर्चीवर मामा. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी मजकूर मोठ्याने वाचला. 'आईच्या निधनामुळे' म्हणताना आवाज मऊ केला. मग माझ्याकडे पेन सरकवलं. "सॉरी, तुम्हाला पुन्हा त्यातून जावं लागतंय. एवढी सही करा, की संपलं."

मी पेन घेतलं. सगळे वाट बघत होते. मामा छताकडे बघत होते. मजकुराच्या वरच उघड्या रजिस्टरची सातवी ओळ होती आणि तिच्यात माझ्या अक्षरात वेळ.

मी म्हटलं, "हे चुकीचं आहे, मॅडम. सही तीन दहाची आहे. आई साडेपाचला गेली."

"बरं, पण दिवस तोच ना?" साहेब म्हणाले.

"तीन दहाला आई जिवंत होती."

एवढंच म्हणायचं होतं. पण ते तोंडातून निघालं आणि मीच ते ऐकलं. आई जिवंत होती. मी इथे बसून न मिळालेल्या कागदावर सही करत होते, पर्समध्ये फोन वाजत होता आणि ती जिवंत होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरीसारखी, रजिस्टर बाजूला सारायचंही भान राहिलं नाही. सुपरवायझर पाणी आणायला धावला. मामा उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

जरा थांबल्यावर मी रजिस्टरच्या रकान्यात कारण लिहिलं. सगळ्यांदेखत, एकेक शब्द म्हणत. 'कॉपी हातात नव्हती. खोली बंद होती. बदल त्याच दिवशी बंद करायचा होता म्हणून सही केली. मनःस्थिती ठीक होती.' आणि तोंडी सांगितलं की मुदतीच्या दिवशी अशी सही मी आधीही केलेली असू शकते, किती ते मला सांगता येणार नाही, सगळी रजिस्टरं तपासा. अकरा मिनिटांतल्या चाळीस सह्यांचंही सांगितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मॅडमनी विचारलं, "बदल त्याच दिवशी बंद करा असं कुणी सांगितलं?" साहेबांनी घसा खाकरला. मी म्हटलं, "माझ्या वहीत आहे. उद्या आणते." तेवढ्यात सुपरवायझरला कंठ फुटला. भिंतीवरचा जुना कागद त्याने काढून साहेबांकडे दिला होता.

मामा कामावर राहिले. पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं, बस. उद्यापासून माझ्या खोलीच्या किल्ल्या मॅडमकडे. मी घरी बसायचं, चौकशी पुरी होईपर्यंत. नंतर घेतील की नाही, माहीत नाही. फाटकापर्यंत मामा सोबत आले. "बाई, तुम्ही नसतं बोललात तरी मी तुम्हाला दोष दिला नसता," म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही आणि त्यांनाही वाटलं नसावं. पण ते म्हणाले.

तिथून थेट ताईकडे. ती कपडे वाळत घालत होती. मी दारातूनच सांगितलं, फोन पाचला नव्हता आला. तीन दहाला आला होता, मग परत वीस मिनिटांनी. मी बघितले होते. घेतले नाहीत. सगळ्यांशी खोटं बोलले.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "लावत तर मीच होते."

"तू काहीच कसं बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

मी विचारलं, "पहिल्या फोनला निघाले असते तर पोचले असते का गं?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. मोठी बहीण आहे, लहानपणापासून माझ्या चुका पोटात घालत आली. तिने हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला, टोकं जुळवली, चिमटा लावला.

"हो," ती म्हणाली. "पोचली असतीस. विचारत होती तुला."

मग तिने मला जवळ घेतलं. तिचे हात गार होते. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून होतो आणि आई शेवटच्या दोन तासांत काय काय बोलली ते तिने मला पहिल्यापासून सांगितलं.